डाव्या बाजूचा मागचा टायर

चिडक्या माणसाकडे किस्से फार साठतात. शांत माणूस झालं गेलं विसरतो, झोपतो आणि सकाळी ताजातवाना उठतो. माझा राग जात नाही, तो किस्सा होऊन बसतो! मग ऑफिसात डबे उघडले की कुणीतरी हमखास म्हणतं, "सुजाता, ते मांजरीचं सांग ना." आणि मी परत पहिल्यापासून चिडते.

तर मांजरीचं सांगते. मांजर नव्हे, हडपसरजवळचं मांजरी गाव. फक्त मधेमधे "अगं, पण त्यांचंही बरोबर असेल" असं कुणी म्हणायचं नाही. त्यांचं बरोबर नव्हतं.

*

गाडी माझी. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे हा प्रश्न सारखा येणार आहे. मी सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये आहे, म्हणजे दुसऱ्यांच्या चुका काढायचा मला पगार मिळतो. त्या पगारातून घेतलेली गाडी, माझ्या नावावरची.

शोरूममध्ये गाडी ताब्यात घ्यायला गेलो, तर तिथल्या पोरानं पुठ्ठ्याची ती हातभर लांब किल्ली थेट मिलिंदच्या हातात दिली. मिलिंद म्हणजे माझा नवरा. फोटोसुद्धा काढला! मग माझ्याकडे वळून गोड हसत म्हणाला, "कलर मॅडमनी चॉइस केला असणार!"

"नाही," मी म्हटलं. "मी इंजिन चॉइस केलं. कलर ह्यांनी केला."

त्याला वाटलं मी विनोद केला. अहो, खरंच तसं झालं होतं! मी तीन गाड्या चालवून बघत होते तेव्हा मिलिंद रंगांचं पुस्तक घेऊन बसला होता.

मिलिंद वाईट माणूस नाही, हे मला मान्य आहे. स्वयंपाक करतो, मुलीच्या वेण्या घालतो, माझ्या प्रमोशनचे पेढे माझ्याआधी वाटून मोकळा होतो. पण मी स्टिअरिंगला बसले की त्याला काहीतरी होतं. गाडी कर्वेनगरच्या आमच्या गल्लीतून बाहेर पडायच्या आत तो कान टवकारतो. "थांब थांब. आवाज येतोय."

"कसला?"

"डाव्या बाजूचा मागचा टायर."

मी थांबते. हा उतरतो, मागे जातो, वाकून बघतो, टायरला दोन लाथा घालतो. मग गाडीला वळसा घालून येतो तो सरळ माझ्या दारापाशी. दार उघडतो. "तू बस तिकडे. मी बघतो जरा." आणि तिथून पुढे गाडी तो चालवतो. गंमत म्हणजे तो बसला की आवाज बंद! पंक्चरवाल्याला दाखवलं, शोरूमला दाखवलं, टायर बदलून घेतला. माझ्या हातात स्टिअरिंग आलं की नवीन टायरसुद्धा वाजायचा.

*

आता हे मी सहन करत होते, कारण रोज उठून कोण भांडेल? पण मग बाबांच्या डोळ्यांचं निघालं.

माझे बाबा साताऱ्याला असतात. कचेरीत अव्वल कारकून होते. आई गेल्यापासून एकटे. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, आणि ऑपरेशनचं नाव काढलं की एकच उत्तर, "मला सगळं दिसतं." आदल्या महिन्यात त्यांनी दूधवाल्याला माझा मामा समजून घरात बसवलं, चहा पाजला आणि मामीची तब्येत विचारली. दूधवाल्यानंही सांगितली! तरी म्हणे सगळं दिसतं.

शेवटी पुण्यातल्या डॉक्टरांची मंगळवारची वेळ घेतली आणि फोनवर मी आवाज चढवला. तेव्हा बाबा म्हणाले, "येतो. पण तू तुझी गाडी स्वतः चालवत माझ्या दारात ये. ड्रायव्हर पाठवलास तर त्याला जेवायला घालून परत पाठवीन."

"असं का हो बाबा?"

"आपल्या गल्लीनं बघायला पाहिजे. मी जन्मभर सायकलवर गेलो ह्या लोकांसमोरून."

मी लगेच 'येते' म्हटलं. पण मिलिंदला हे पटेना. "खंबाटकीचा घाट आहे, सुजाता. ट्रक असतात. मला सोमवार-मंगळवार क्लायंट आहे, नाहीतर मी आणलं असतं. बाबांना पुढच्या महिन्याची वेळ घेऊ."

"पुढच्या महिन्यात ते पोस्टमनला माझा भाऊ समजतील!"

"अगं, काळजी वाटते म्हणून बोलतो."

काळजी! हा शब्द ऐकला की माझं डोकं फिरतं. माणसाला सरळ 'तुला येत नाही' म्हणता येत नसलं की तो काळजी करतो.

नेमकी त्याच आठवड्यात आमच्या ऑफिसात शोरूमची जाहिरात लागली. गाडीमालकांसाठी एक दिवसाचा परफॉर्मन्स ड्रायव्हिंग कोर्स. रविवारी, मांजरीला. वेगात गाडी कशी सांभाळायची, वळवायची, थांबवायची, सगळं शिकवणार. मिलिंद म्हणाला, "हे कर. तिथला इन्स्ट्रक्टर जर म्हणाला की तू घाटात जाऊ शकतेस, तर मी एक शब्द बोलणार नाही."

"एकही?"

"एकही."

हे लक्षात ठेवा.

*

मांजरीला एका बिल्डरनं उसाच्या शेतात टाउनशिप काढायची ठरवली होती. झाली नव्हती. रस्ते मात्र झाले होते. मधोमध गुळगुळीत डांबरी रस्ते, दोन्ही बाजूंना ऊस, आणि कमानीवर पोहण्याच्या तलावाचं चित्र. कोर्स तिथे.

दारात टेबल. टेबलामागे शोरूमची एक मुलगी, टाय वगैरे लावून. कोर्स माझा, म्हणून त्या सकाळी टायर गप्प होता आणि मी माझ्या गाडीतून, ड्रायव्हरच्या बाजूनं, किल्ली हातात घेऊन उतरले. तिनं माझ्याकडे बघितलं, मिलिंदकडे बघितलं, आणि 'ड्रायव्हर' लिहिलेला लाल बिल्ला त्याच्या शर्टाला लावला. मला 'गेस्ट'.

"अहो, गाडी माझी आहे," मी म्हटलं. "कोर्सही माझा आहे."

"हो मॅडम, पण सर चालवणार ना?"

"सर बघायला आलेत."

ती गोंधळली. "मॅडम, गेस्टना लंच फ्री आहे," ती समजुतीच्या स्वरात म्हणाली.

मी मिलिंदच्या शर्टावरचा बिल्ला ओढून काढला. शर्टाला भोक पडलं. पडू दे. दिवसभर मात्र मिलिंद गेस्टचा बिल्ला लावून असा हिंडत होता, की जणू परराष्ट्रमंत्रीच आलेत कोर्स बघायला.

*

आमच्या ऑफिसातले दोघे आले होते. एक अकाउंट्सचे दामले, राहणार शनिवार पेठ, रिटायरमेंटला आलेले. दुसरा माझ्या टीममधला रोहित, ज्याच्या गाडीचा आवाज गाडीच्या आधी पोचतो.

शिकवणारे घाटगे सर कोल्हापूरचे. पूर्वी रॅली चालवायचे. आडवा बांधा, उभ्या मिशा, आणि आवाज असा की भोंग्याची गरज नाही. पहिलाच धडा नागमोडी वळणांचा. रस्त्यावर नारिंगी शंकू मांडलेले, त्यांच्यामधून डावीकडे-उजवीकडे गाडी काढायची.

दामल्यांची गाडी दोन वर्षांची होती आणि सीटवर कंपनीचं प्लॅस्टिक तसंच होतं! दोन वर्षं हा माणूस प्लॅस्टिकवर बसत होता. घाटगे सर म्हणाले, "हे काढा आधी. घसराल."

"नको, सीट नवी राहते," दामले म्हणाले.

"कुणासाठी?"

"गिऱ्हाईकासाठी. विकताना किंमत येते."

निघाले. पहिल्या शंकूला डावीकडे झुकले, दुसऱ्याला उजवीकडे, आणि तिसऱ्याला दामले स्टिअरिंग धरून शेजारच्या सीटवर! बेल्ट लावला नव्हता, कारण बेल्टवरही प्लॅस्टिक होतं. गाडी आपली आपण उसाकडे चालली. घाटगे सर मागून धावत ओरडत होते, "अवो, गाडी चालवतंय कोण?"

ऊस ओला होता म्हणून गाडी अलगद थांबली. दामले उतरले, आधी बंपर बघितला, मग सीट. प्लॅस्टिकला जराशी चीर गेली होती. "झालं नुकसान," म्हणाले.

मला हसू येत होतं आणि संतापही येत होता. कारण बाजूला उभा असलेला माझा नवरा शेजारच्याला सांगत होता, "एक्स्पीरियन्स्ड माणूस आहे, म्हणून वाचवली गाडी." आणि मी त्याच शंकूंमधून एकालाही न शिवता गेले, तेव्हा म्हणाला, "हळू होतीस म्हणून जमलं."

*

चहाच्या वेळी हेच दामले माझ्याजवळ आले. हातात बशी.

"तुमचं आडनाव गायकवाड, नाही का?"

"हो."

"कुठले गायकवाड?"

"कर्वेनगरचे."

"नाही, तसं नव्हे. मूळचे कुठले?"

पुण्यात हा प्रश्न पत्ता कळावा म्हणून कुणी विचारत नाही. एकाच ऑफिसात, एकाच कॅन्टीनमध्ये इतकी वर्षं काढलेली. ह्यांच्या टॅक्सच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका मी काढून दिलेल्या. तेव्हा ह्यांना माझं मूळ लागलं नाही. आज हातात मोकळा वेळ आणि बशी होती, म्हणून लागलं.

"माझे आजेसासरे छप्पन साली नागपूरला गेले होते दीक्षा घ्यायला," मी म्हटलं. "त्या गायकवाडांपैकी. अजून काही?"

"नाही नाही. छान, छान. मी आपलं सहज..." आणि ते बिस्किटं बघायला गेले.

मिलिंद जवळच उभा होता. म्हणाला, "जाऊ दे ना सुजाता. म्हातारा माणूस आहे." तो नेहमी जाऊ दे म्हणतो. सगळ्यांना जाऊ द्यायचं, फक्त मला साताऱ्याला जाऊ द्यायचं नाही!

*

चहानंतर ब्रेक. म्हणजे ब्रेक मारायचा धडा. सरळ रस्त्यावर साठच्या वेगानं यायचं, घाटगे सरांनी झेंडी खाली केली की ब्रेक गच्च दाबायचा, आणि समोरच्या शंकूच्या आत थांबायचं. सोपं.

पहिला रोहित. आला, झेंडी पडली, आणि त्यानं काय केलं? हॉर्न! लांबलचक हॉर्न वाजवत शंकू उडवून पलीकडे गेला.

"ब्रेक का नाही मारला?" घाटगे सर.

"सर, मारला ना. बट पहिले हॉर्न मारला. हॉर्न मारल्यावर समोरचा हटतो ना!"

"तो शंकू आहे. त्याला कान न्हाईत!"

दुसरा आला, हॉर्न. तिसरा, हॉर्न. दामले तर झेंडी पडायच्या आधीपासूनच वाजवत आले. एकजात सगळ्यांनी आधी हॉर्न आणि मग, शंकू मेल्यावर, ब्रेक! खोटं कशाला बोलू, मीही पहिल्या खेपेला हॉर्नच वाजवला. लक्ष्मी रोडवर गाडी शिकलेल्या माणसाचा अंगठा पायाच्या आधी हलतो.

घाटगे सरांनी झेंडी जमिनीवर आपटली. "आख्ख्या पुण्यात एकाला तरी ब्रेक कुठं असतोय ते म्हाईत हाय का?" आणि मेकॅनिकला बोलावून त्यांनी सगळ्यांच्या गाड्यांमधले हॉर्नचे फ्यूज काढायला लावले. एका डब्यात टाकले आणि डबा स्वतःच्या खिशात घातला.

लोकांचे चेहरे बघण्यासारखे झाले होते. भर चौकात धोतर सुटल्यासारखे. दामले पुन्हा आले. साठचा वेग, झेंडी पडली, अंगठा दाबला, आवाज नाही! पुन्हा दाबला. मग हा माणूस खिडकीतून डोकं बाहेर काढून त्या शंकूला ओरडला, "अहो, सरका!"

शंकू सरकला नाही.

*

हे चालू असतानाच एक पांढरी भलीमोठी गाडी समोरून थेट शंकूंमध्ये घुसली आणि रस्त्याच्या मधोमध थांबली. आतून पांढरा शर्ट, काळा गॉगल आणि गळ्यात जाडजूड साखळी असं सगळं उतरलं. मांजरीचेच पाटील. ही जमीन पूर्वी त्यांची.

घाटगे सर म्हणाले, "अवो पाव्हणं, ट्रेनिंग चालू हाय. बाजूनं जावा की."

"बाजूनं कशापाई? रस्ता आमचा हाय."

"तुम्ही जमीन विकली न्हवं बिल्डरला?"

"जमीन इकली. रस्ता कुठं इकलाय? त्यो तर नंतर झाला!" पाटील गाडीला टेकून उभे राहिले आणि आमच्याकडे बघू लागले. "सकाळधरनं बगतोय मी. गोल गोल फिरताय, पोचत तर कुटंच न्हाई."

मग त्यांचं लक्ष माझ्याकडे गेलं. "ह्या बाईबी चालवत्यात का?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात माझ्या शेजारून प्रेमळ आवाज आला. "शिकतीये."

शिकतीये! लग्नाआधीपासून लायसन्स आहे माझ्याकडे. मिलिंद गाडी शिकला तो माझ्या स्कूटरवर मागे बसून कंटाळला म्हणून. पाटलांचा मला अजिबात राग आला नाही, ते निदान विचारत तरी होते. मिलिंदकडे मी असं बघितलं की तो दोन पावलं मागे सरला आणि उसात गेला.

*

पाटलांनी एकदाची गाडी कडेला घेतली. माझी ब्रेकची दुसरी खेप. आता अंगठा बाजूला ठेवायचा हे पक्कं केलेलं. मी निघणार इतक्यात डावीकडचं दार उघडून मिलिंद आत बसला. "मी आहे बरोबर. घाबरू नकोस."

"मी घाबरलेली नाही. उतर."

"मी काहीच बोलणार नाही. नुसता बसतो."

मागे गाड्या ताटकळलेल्या. म्हटलं, बस बाबा. गेले. चाळीस, पन्नास, साठ. शेजारी मिलिंदचा डावा हात वरच्या कडीला, उजवा पाय समोर काल्पनिक ब्रेकवर. झेंडी पडायला अवकाश होता. माझा पाय तयार होता, मन शांत होतं, खरंच सांगते. आणि ह्या माणसानं "सुजाता!" असं किंचाळून हँडब्रेक ओढला!

गाडी फिरली. ऊस, शंकू, कमान, पाटील, पुन्हा ऊस, असं सगळं काचेतून गेलं, आणि आम्ही आलो त्या दिशेला तोंड करून थांबलो. धुरळा उडाला. टायरचा वास सुटला.

घाटगे सर धावत आले. मिलिंद काच खाली करून म्हणाला, "ती जरा घाबरली, सर. मी सांभाळलं."

घाटगे सरांनी हँडब्रेककडे बघितलं. अजून वरच होता आणि मिलिंदची मूठ त्याच्यावर होती. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग मिशी चोळत म्हणाले, "एका गाडीत दोन ब्रेक चालत न्हाईत. एकानं उतरा."

मी जागची हलले नाही. शेवटी मिलिंद उतरला.

मग मी एकटीच गेले. पहिल्यांदाच, बरं का. गाडी घेतल्यापासून पहिल्यांदा मिलिंद मधेच उतरला आणि वळसा घालून माझ्या दारापाशी आला नाही. साठ झाले, झेंडी पडली, पाय गेला, आणि गाडी शंकूच्या चांगली वीतभर आत थांबली. तो शंकू काचेपलीकडे साजरा उभा! मी स्टिअरिंगवर डोकं टेकलं आणि बाबांची आठवण होऊन भडभडून रडले. मग नाक पुसलं आणि अजून तीनदा तसंच करून दाखवलं. दुपारभर वळणं झाली, ओला रस्ता झाला, चढावर गाडी उचलणं झालं.

शेवटी मी मिलिंदला हाताला धरून घाटगे सरांसमोर उभं केलं. "सर, ह्यांच्यासमोर सांगा. मी खंबाटकी घाटातून साताऱ्याला गाडी नेऊ शकते का?"

"खंबाटकी?" ते हसले. "जावा की! खुशाल जावा. ह्यांना तेवढं मागं बसवा."

"ऐकलंस?" मी म्हटलं.

"ऐकलं," मिलिंद म्हणाला. खाली मान घालून, पण म्हणाला.

*

बक्षीस समारंभ राहिलाच. शोरूमच्या मॅनेजरनं माइक हातात घेतला आणि जाहीर केलं, "बेस्ट लेडी ड्रायव्हर, मिसेस गायकवाड!" टाळ्या.

लेडी मी एकटीच होते! मग कुणात बेस्ट? पुरुषांना टायरची हवा मोजायचं यंत्र दिलं. दामल्यांनासुद्धा, ज्यांनी तीन शंकू आणि पाच गुंठे ऊस आडवा केला. मला काय दिलं? नॉनस्टिक तवा.

मी म्हटलं, "ह्यानं हवा कशी मोजायची?"

मॅनेजर म्हणाला, "हॅ हॅ, मॅडम, डोसेसुद्धा होतात!"

तव्याचं खोकं मी मिलिंदच्या हातात दिलं. चिडून कमानीबाहेर गाडी काढली, तर वाटेत पाटील उभे. हात वर करून म्हणाले, "पोचा आता कुटंतरी!"

*

आता शेवटचं.

मांजरीहून हडपसरकडे निघालो होतो. स्टिअरिंग माझ्या हातात. मिलिंद डावीकडे, मांडीवर तवा. पाचेक मिनिटं गप्प होता. मला वाटलं, खरंच एक शब्दही बोलणार नाही. मी मनातल्या मनात ठरवत होते, उद्या पहाटे निघायचं, दुपारपर्यंत बाबांना घेऊन परत. तेवढ्यात रहदारी लागली. बैलगाड्या, ट्रक, सहा आसनी रिक्षा. मिलिंद सावरून बसला. कान टवकारले.

"थांब थांब."

मी एका बैलगाडीला मागे टाकलं.

"आवाज येतोय, सुजाता. थांब."

"कसला?"

"डाव्या बाजूचा मागचा टायर."

मी गाडी बाजूला घेतली आणि थांबवली. मिलिंद उतरला, तव्याच्या खोक्यासकट. मागे गेला. आरशात दिसत होता. वाकला. एक लाथ घातली. दुसरीही घातली. मग सरळ उभा राहून नेहमीसारखा वळसा घालून माझ्या दाराकडे यायला निघाला.

मी गियर टाकला.

हडपसर गेलं, कात्रज गेलं, शिरवळला मोबाइल वाजला, वाजू दिला. खंबाटकीला एक ट्रक आडवा येत होता. अंगठा आपोआप गेला, आवाज नाही! फ्यूज घाटगे सरांच्या खिशात राहिला होता. अख्खा घाट मी एकदाही हॉर्न न वाजवता नुसत्या ब्रेकवर चढले.

दिवेलागणीला साताऱ्याला गल्लीत वळले. दारादारांत माणसं बसली होती. मी मुद्दाम हळू घेतली गाडी. बाबा फाटकाशी उभे होते, जणू काही त्यांना माहीतच होतं. गाडी थांबली तसे पुढे आले, बॉनेटवर हात ठेवला, मग चाचपडत माझ्या खांद्यावर ठेवला. गल्लीकडे एकदा वळून बघितलं.

मग म्हणाले, "आणि मिलिंदराव कुठायत?"

मी म्हटलं, "ते मागचा टायर बघतायत."

"अरे, हो का!" बाबा लगबगीनं गाडीच्या मागे गेले. कमरेत वाकले. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. डाव्या बाजूनं बघितलं, उजव्या बाजूनं बघितलं. बराच वेळ लागला त्यांना. मग हळूहळू परत आले आणि माझा हात धरून म्हणाले,

"नाही गं दिसत. तू म्हणतेस ते खरं आहे, ऑपरेशन करून घ्यायलाच हवं."